कठड्यावरची लाल चादर

माझ्या नाकावर राग असतो, हे मला कोणी सांगायची गरज नाही. दिवसभर हातात कात्री असलेल्या शिवणकामवालीच्या जिभेला थोडी धार येणारच. पण आमच्या भाऊजींसारखा माणूस समोर असेल तर थंड डोक्याची बाईसुद्धा पेटून उठेल, असं मला बरीच वर्षं वाटायचं.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नदीच्या घळीत, अगदी तळाच्या गुहेच्या तोंडाशी पहारा करणं हे त्यांचं काम. आम्ही त्यांना पाठीमागे घुम्या म्हणायचो. पुढेपुढे तोंडावरही म्हणायला लागलो, कारण ते मनावरच घेत नसत. हाक मारली तर ओ नाही. काही विचारलं तर हसायचं, नाहीतर मान डोलवायची. एकदा मी विचारलं, "भाऊजी, चहा घेणार की कॉफी?" तर म्हणाले, "हो."

ताई हसली आणि तिने चहा दिला. तिला ते कधी खटकलेलं मी पाहिलं नाही, आणि तेच मला जास्त खटकायचं. लग्नाआधी ही बाई दिवसभर बडबड करायची, मोठ्याने गाणी म्हणायची. आता तीही अर्धंअधिक हातवाऱ्यांनी बोलायची. घळीत पाण्याचा इतका आवाज असतो की सगळे पहारेकरी खुणांनीच बोलतात, ती सवय घरात आली असणार असं मी धरून चालले होते. तळहात आडवा म्हणजे थांब, दोन बोटं वर म्हणजे दोघांना सोड, मुठीवर मूठ म्हणजे जेवायला ये. भात जास्त शिजला तरी ती नवऱ्याला बोटांनी सांगायची.

गुहेवरच्या पहारेकऱ्याला कड्याच्या अगदी टोकाला दोन खोल्या मिळतात. पुढच्या खोलीच्या खिडकीला फळी लावून ताई चहा विकायची. खिडकीसमोर थोडी मोकळी जागा, मग कमरेएवढा दगडी कठडा, आणि कठड्यापलीकडे एकदम खाली घळ. सहलीला येणारे लोक त्या कठड्याला टेकून चहा प्यायचे, फोटो काढायचे आणि जिना उतरून पायवाटेला लागायचे. पायवाट कड्याच्या पोटात कोरलेली, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला लोखंडी साखळी. वाटेत दोन लहान गुहा आणि शेवटी, पाण्याच्या जवळजवळ पातळीवर, मोठी गुहा. सगळे येतात ते तिच्यासाठी.

त्या गुहेची भानगड अशी की नदीवर, वरच्या अंगाला धरण आहे. धरणाचे दरवाजे उघडले की थोड्या वेळात घळीतलं पाणी चढतं आणि मोठ्या गुहेत शिरतं. म्हणून दरवाजे उघडण्याआधी भोंगा वाजतो. भोंगा झाला की गुहेवरच्या पहारेकऱ्याने तोंडाशी दोरी बांधायची, शिट्टी मारायची, आतल्या शेवटच्या माणसाला बाहेर काढायचं आणि सगळ्यांना पायऱ्यांवर चढवायचं. आत गेलेल्यांना भोंगा ऐकू येत नाही. त्यांच्यासाठी कान म्हणजे तोच एक माणूस.

त्या दिवशी मी दुकान बंद ठेवून ताईकडे गेले होते. फळीखाली कपबश्यांच्या शेजारी मला माझी लाल चादर दिसली. त्या दोघांनी संसार थाटला तेव्हा मी ती स्वतः शिवून दिली होती, चारी बाजूंना दुहेरी टीप घालून. गडद लाल, जाड, दोघांच्या पलंगाला पुरून उरेल अशी. आणि ही बाई ती पलंगावर कधी घालायचीच नाही. कायम त्या फळीखाली, धुराचा वास मारत पडलेली. मागे एकदा मी आले असताना तिने ती घाईघाईने कठड्यावर टाकली होती. "दमट झालीय," म्हणाली होती.

"भांडी पुसायला घेतेस का ही?" मी विचारलं.

"लागते मला," ताई म्हणाली आणि विषय बदलला.

आधीच मी तापले होते. मग मी म्हटलं, चल, आज गुहा बघून येऊ. इतकी वर्षं कड्यावर राहते आहेस आणि मोठी गुहा आतून पाहिली नाहीस, लोकांना सांगितलं तर हसतील. ती नेहमीसारखी नाही म्हणाली. गुडघा दुखतो, गिऱ्हाईक येतील, दूध नासेल. मी एकेक कारण खोडून काढलं. फाटकावरच्या फलकावर आज पाणी सोडणार नाहीत असं स्वच्छ लिहिलेलं होतं, तेही दाखवलं. तरी नाहीच.

तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "तुला त्या घुम्याने इथे डांबून ठेवलंय, दुसरं काय! स्वतः बोलायचं नाही आणि बायकोला हलूही द्यायचं नाही."

ताईचा चेहरा उतरला. तिने स्टोव्ह बंद केला, पदर खोचला, एकदा कठड्याकडे आणि एकदा फलकाकडे पाहिलं. "चल," म्हणाली. "नवऱ्याबद्दल असलं ऐकून घ्यायला मी तुला बोलावलं नव्हतं." मी जिंकले असं मला वाटलं.

घळ सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. खडकात पाण्याने पाडलेल्या घड्या एकावर एक दिसतात, ओल्या जागी शेवाळं चमकतं, आणि वर आभाळाची फक्त एक पट्टी उरते. पण मला काही नीट बघता येईना, कारण ताई दर वळणावर मान वर करून आपल्या कठड्याकडे बघत होती. "घर पळून जाणार नाही गं," मी म्हणाले. ती हसली नाही.

खाली पोहोचलो तेव्हा भाऊजी गुहेच्या तोंडाशी, सपाट खडकावर उभे होते, वर कठड्याकडे नजर लावून. गळ्यात शिट्टी, हातात दोरीचं टोक. पुढे एका ऑफिसची सहल उभी होती, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्याच पिवळ्या टोप्या. भाऊजींनी ताईला पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांचे हात भराभर हलू लागले. ताईचेही. मला त्यातलं एवढंच कळलं की ते वर बोट दाखवून विचारत होते आणि ती आडवा हात करून सांगत होती, आज नाही, आज नाही.

"काय हो भाऊजी," मी त्यांच्या पाठीमागून ओरडले, "बायकोला जरा फिरायला आणलं तर एवढं आकाश कोसळलं का?"

ते वळले नाहीत. मी अगदी हातभर अंतरावर होते. पुन्हा ओरडले. टोपीवाले वळून बघायला लागले, भाऊजी नाही.

ताईने माझा दंड धरला आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "ह्यांना ऐकू येत नाही."

"पाण्याच्या आवाजात कोणालाच—"

"पाण्याचं नाही. कशाचंच नाही. पार गेलेत कान. चल वर, लवकर."

भाऊजींनी दोरी आडवी बांधली, टोपीवाल्यांना तळहात दाखवून थांबवलं आणि ताईला खूण केली, जा. आम्ही वर निघालो. माझ्या बाबतीत भीती वाटली की लगेच तिचा राग होतो. पहिल्या मोठ्या वळणापर्यंत मी कसंबसं तोंड आवरलं. तिथून खाली गुहेचं तोंड दिसतं आणि वर ताईचा कठडाही दिसतो. तिथे मी तिला थांबवलं.

"म्हणजे भोंगा?" मी म्हणाले. "भोंगा कोण ऐकतं?"

"मी."

"तू?"

"मी ऐकते आणि चादर टाकते. कठड्यावर लाल दिसलं की हे गुहा रिकामी करतात. आजवर एकदाही चुकलं नाही. आता सोड, मला वर जाऊ दे."

मी सोडायला हवं होतं. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी तिला साखळीशी अडवून धरलं आणि तोंड सोडलं. लोकांचा जीव म्हणजे काय पोरखेळ वाटला का? तू झोपलीस, तू आजारी पडलीस, तू मोरीत असलीस तर? सांगून का टाकत नाही? तीही मग उसळली. सांगितलं तर उद्याच्या उद्या काम जाईल, काम गेलं की खोल्या जातील, या वयात बहिऱ्या माणसाला कोण उभं करणार? डॉक्टर झाले, कानातलं यंत्र झालं, त्या यंत्रातून ह्यांना घळीत नुसतं घोंघावणं ऐकू यायचं. "आणि मी झोपत नाही," ती म्हणाली. "पहारा असतो तोवर मी आडवी होत नाही. मोरीत जाते तेव्हा दार उघडं ठेवते. तुला काय माहीत!"

आम्ही दोघी घसा फोडून भांडत होतो आणि चार पावलांवरच्या माणसाला एक शब्द कळत नव्हता. घळीचा तेवढा एक फायदा.

खाली भाऊजी वाट बघत होते. ताई वर पोहोचेल एवढा वेळ त्यांनी दोरी सोडली नाही. ताईच्या चालीने तो जिना चढायला किती वेळ लागतो ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. टोपीवाले कुरकुरत होते, एकजण हात वर करून काहीतरी विचारत होता. तेवढा वेळ गेला. भाऊजींनी वर पाहिलं, वळणावरच्या लोकांत आम्ही दोघी त्यांना दिसलो नाही. कठडा मोकळा होता. मोकळा म्हणजे सगळं ठीक. त्यांनी दोरी उचलली आणि पिवळ्या टोप्या एकामागून एक आत जायला लागल्या.

आणि तेव्हा भोंगा वाजला.

वर कुठेतरी पाऊस झाला होता, हे आम्हाला मागाहून कळलं. पाण्याची गर्जना भेदून तो आवाज आला, लांबलचक, बारीक. आमच्याजवळचं एक जोडपं इकडेतिकडे बघायला लागलं. ताईच्या तोंडावर रक्त उरलं नाही. ती वर धावली. तिच्या पायांना तेवढंच माहीत होतं, भोंगा झाला की चादर. मी तिला मागून ओढलं.

"अगं, वर जाईपर्यंत पाणी येईल! खाली चल!"

ती वळली, दोन पायऱ्या उतरली आणि ओल्या दगडावर तिचा गुडघा आपटला. उठायला गेली, उठवेना. "तू जा," ती म्हणाली. "पळ! समोर जाऊन उभी राहा, पाठीमागून हाका मारू नकोस."

मी पळाले. माझं वजन, माझं वय, माझ्या चपला, सगळं विसरून पळाले. एका हातातून साखळी घसरत होती, तळहात सोलला गेला. खाली भाऊजी अजून त्या मोकळ्या कठड्याकडे बघत उभे होते, शांतपणे. त्या शांतपणाची मला जितकी भीती वाटली तितकी पाण्याची वाटली नाही. शेवटची टोपी आत गेली. गुहेच्या तोंडातून गार वारा यायला लागला होता, आणि खडकाशी स्वच्छ खेळणारं पाणी गढूळ झालं होतं.

मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि मला एकही खूण आठवेना. नुसते हात हलवले. त्यांना काही कळलं नाही. मग मी त्यांच्या गळ्यातली शिट्टीच ओढली आणि छातीत होता नव्हता तेवढा वारा तिच्यात घातला. त्यांनी माझ्या फुगलेल्या गालांकडे पाहिलं, मग पाण्याकडे. पुढचं सांगावं लागलं नाही.

ते आत शिरले, मीही मागोमाग. भिंतीवरचे दिवे मिणमिणत होते. भाऊजी एकेकाला खांद्याला धरून दाराकडे ढकलत होते, मी शिट्टी फुंकत होते. एक जाडगेले गृहस्थ म्हणाले, "फोटो तरी—" आणि भाऊजींनी त्यांना कॉलरला धरून बाहेर काढलं. पाणी आता घोट्याला लागत होतं. टोप्या बाहेर पडल्या, पायऱ्यांवर चढल्या. मला वाटलं, संपलं.

भाऊजी दाराशी थांबले. त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांनी गुहेकडे वळवलं.

"ऐक," ते म्हणाले. "आत कोणी आहे का? मला कळत नाही."

मग ते आत तोंड करून ओरडले. तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. घरात मान डोलवणारा माणूस, त्याच्यात एवढा आवाज होता. मी श्वास रोखून ऐकलं. पाणी, पाणी, नुसतं पाणी. आणि त्याच्या मागे, डाव्या अंगाला, एक बारीक, वैतागलेला आवाज. "आले, आले! बुटात खडा गेलाय!"

मी डावीकडे बोट दाखवलं. ते गेले. पाणी माझ्या पोटरीवर आलं, गुडघ्याखाली आलं. मी एका हाताने दोरी धरून उभी होते आणि रागाने रडत होते. त्यांच्यावर रागावले होते, ताईवर, त्या फलकावर, स्वतःवर. मग ते दिसले. एका पिकल्या केसांच्या बाईला पाठुंगळी घेऊन येत होते, तिच्या हातात अजून एक बूट होता. आम्ही पायऱ्यांवर चढलो तेव्हा मागे सपाट खडक दिसेनासा झाला होता.

वर चहाच्या फळीसमोर सगळे जमले. पहारेकऱ्यांचे सुपरवायझर फाटकावरून धापा टाकत आले. त्यांनी माणसं पुन्हा पुन्हा मोजून घेतली, भाऊजींच्या पाठीवर थाप मारली. तेवढ्यात ते जाडगेले गृहस्थ पुढे झाले.

"शाबासकी कसली देताय? भोंगा वाजत असताना या माणसाने आम्हाला आत सोडलं! मी विचारलंसुद्धा, हा आवाज कसला म्हणून. माझ्याकडे बघून हसला!"

सुपरवायझरांचा हात थापेवरच थांबला. "खरं आहे हे?"

ताई तोवर लंगडत वर पोहोचली होती. ती मध्ये पडली. "चूक माझी आहे, साहेब. मी जागेवर नव्हते."

"तुमची कसली जागा, वहिनी? तुम्ही तर चहा विकता."

मला वाटलं आता मीच बोलावं. खरं बोलले तर बहिणीचं घर जाणार. खोटं बोलले तर हा माणूस उद्या पुन्हा त्या खडकावर उभा राहणार. भाऊजी ताईच्या ओठांकडे बघत होते. ती पुन्हा म्हणाली, "माझीच चूक झाली."

"हिची चूक नाही," भाऊजी म्हणाले. आवाज किती मोठा लागला हे त्यांना कळत नव्हतं. कठड्यापाशी उभे असलेले सगळे वळले. "मला ऐकू येत नाही. काही ऐकू येत नाही. माझ्या जागी ही ऐकते. रोज."

सुपरवायझर कठड्यावर बसले. ताईने फळीखालची चादर काढून त्यांना दाखवली, आणि एवढंच म्हणाली की ती नेहमी इथेच असते, कधी लांब ठेवत नाही. त्यांनी चादरीला हात लावला, खाली गुहेकडे पाहिलं. ती पिकल्या केसांची बाई तिथेच बसून ओला मोजा पिळत होती. "मला नाही हो काही तक्रार," ती म्हणाली. पण तिच्या तक्रारीचा प्रश्नच नव्हता. भाऊजींनी स्वतःच शिट्टी मागायला हात पुढे केला, कारण ती अजून माझ्या गळ्यात होती, आणि ती फळीवर ठेवून दिली.

त्यांना कामावरून काढलं नाही, पण खाली उतरायला बंदी झाली. आता ते वरच्या वाटेवरच्या साखळ्या आणि पायऱ्या दुरुस्त करतात. कड्यावरच्या खोल्या नव्या पहारेकऱ्याला गेल्या. ताईला गाड्या उभ्या राहतात त्या मैदानामागे एक खोली मिळाली, तिथून नदी दिसत नाही. चहा मात्र जास्त खपतो. ताई माझ्याशी बरेच दिवस तुटक बोलत होती. मीही मनधरणी करणाऱ्यातली नाही. भाऊजींनी वागायला नको होतं तसं ते वागले, असं मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. फक्त घुम्या हा शब्द आमच्या घरात आता कोणी काढत नाही.

मग एका दुपारी मी न सांगता गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. "ताई!" मी सवयीने ओरडले आणि आत शिरले. भाऊजी खुर्चीवर बसून साखळीची कडी घासत होते. माझा आवाज त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं, पण माझं तोंड उघडलेलं दिसलं असावं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पलंगाकडे मान वळवली.

ताई झोपली होती. भर दुपारी, पाय पसरून, तोंड उघडं टाकून. खाली माझी लाल चादर होती. मधोमध कठड्याच्या रुंदीएवढा पट्टा उन्हाने विटून गुलाबी झाला होता, बाकी रंग अजून तसाच. दुहेरी टीप कुठेही उसवली नव्हती. मी जमिनीवर बसले.

थोड्या वेळाने लांबून भोंगा वाजला. मी दचकून भाऊजींकडे पाहिलं. ते कडी घासत होते. पलंगावर ताईची बोटं हलली, चादर चाचपू लागली, तिची मूठ घट्ट वळली. मग मूठ सैल पडली, ती कुशीवर वळली आणि झोपून राहिली.